उणे पंचवीसमधले चोवीस व्होल्ट: माझा अनुभव

भारतीय सैन्याच्या ईएमई (इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स) या वाहने आणि उपकरणे दुरुस्त करणाऱ्या शाखेत मी वाहनांच्या विद्युत यंत्रणेचा कारागीर म्हणून नोकरी केली. त्यातला एक हिवाळा लडाखमध्ये, साधारण 14,000 फूट उंचीवरच्या एका ठाण्यावर गेला; ठाण्याचे नाव लिहिणार नाही, ही सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही.

तिथे आमचा एक ट्रक, म्हणजे स्टॅलियन गाडी, संदेशवहनासाठी उभी असे. अशोक लेलँडच्या आराखड्याची आणि जबलपूरच्या वाहन कारखान्यात जोडलेली ही गाडी चोवीस व्होल्टची, म्हणजे बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसरीत जोडलेली. रेडिओ संच आणि एक दिवा एवढ्यासाठी सरासरी अडीच अँपिअर प्रवाह लागे, म्हणजे चोवीस तासांत साठ अँपिअर-तास. तेवढ्यासाठी अवजड डिझेल इंजिन दिवसातून चार-चार वेळा नुसते घुरघुरत ठेवावे लागे. डिझेल वर पोहोचवायलाच डिझेल जळते, शिवाय धूर आणि आवाज लपत नाहीत. म्हणून वरिष्ठांनी सौर पॅनेल बसवण्याचे काम माझ्याकडे दिले.

पहिली अडचण तांत्रिक नव्हती. सैन्याच्या वाहनात मंजुरीशिवाय एक भोकसुद्धा पाडता येत नाही, आणि हा नियम योग्यच आहे, कारण प्रत्येकाने आपापली सुधारणा केली तर पुढच्या कारागिराला गाडी ओळखू येणार नाही. तेव्हा गाडीला हात न लावता पॅनेल जमिनीवर, लोखंडी चौकटीवर उभी करायची आणि रेडिओसाठी दोन वेगळ्या बॅटऱ्या ठेवायच्या, असे ठरले. गाडीच्या मूळ बॅटऱ्या इंजिन सुरू करण्यापुरता क्षणभर मोठा प्रवाह देण्यासाठी असतात. त्या रात्रभर रिकाम्या करत राहिल्या तर लवकर मरतात, आणि मग ऐन वेळी गाडीच सुरू होत नाही.

शंभर वॅटची चार पॅनेल मिळाली. दोन-दोन एकसरीत जोडून तशा दोन जोड्या समांतर केल्या. लेहचा अक्षांश साधारण 34 अंश. हिवाळ्यात सूर्य खाली असतो म्हणून चौकटीला पन्नास अंशांचा उतार दिला. त्यामुळे बर्फ घसरून पडे, आणि समोरच्या बर्फावरून परावर्तित होणारा उजेड वर फुकट मिळे. चौकटीच्या पायांवर दगड रचले. काच दुरून चमकू नये म्हणून ती आडोशाला कोणत्या बाजूने ठेवायची, यावर मात्र सुभेदार साहेबांशी दोन दिवस चर्चा चालली.

तिसऱ्या दिवशी सकाळी सूर्य डोंगराआडून वर आला आणि काही मिनिटांत चार्ज कंट्रोलरमधून, म्हणजे पॅनेलची वीज बॅटरीला बेताने देणाऱ्या उपकरणातून, जळका वास आला. पॅनेलच्या मागच्या पट्टीवर खुल्या मंडलाचा, म्हणजे काहीही न जोडता मिळणारा, व्होल्टेज बावीस लिहिलेला होता. दोन पॅनेलचे चव्वेचाळीस, आणि कंट्रोलरची मर्यादा पन्नास. माझ्या हिशेबात सहा व्होल्टची सवड होती. पण पट्टीवरचा आकडा पंचवीस अंश सेल्सिअसचा असतो, आणि पॅनेलमधली सौर पेशी थंड होत जाते तसा तो दर अंशाला साधारण 0.3 टक्के वाढतो. त्या पहाटे उणे पंचवीस होते. पन्नास अंशांचा फरक म्हणजे पंधरा टक्के, म्हणजे पन्नास व्होल्टच्या वर. हे प्रशिक्षणात शिकवले होते, मी वहीत लिहूनही घेतले होते. तरी डोक्यात पॅनेल तापण्याचीच काळजी होती, कारण मी माणदेशातला, आणि आमच्याकडे ऊन म्हणजे उष्णता. शंभर व्होल्टचा कंट्रोलर खालून यायला नऊ दिवस लागले. तोवर इंजिन पुन्हा घुरघुरत राहिले.

नव्या कंट्रोलरनंतर सगळे ठीक वाटले, पण तीन आठवड्यांनी हायड्रोमीटरने तापमानाची दुरुस्ती करून पाहिले तर आम्लाची घनता 1.20 भरली. पूर्ण भरलेल्या बॅटरीत ती 1.26च्या वर हवी. 1.20 घनतेचे आम्ल उणे सत्तावीसच्या आसपास गोठते, तेव्हा आम्ही अगदी काठावर होतो. कारण शोधायला मला एक संध्याकाळ लागली. थंड बॅटरीला चार्ज करताना जास्त व्होल्टेज द्यावा लागतो आणि कंट्रोलर तो स्वतः वाढवतो. पण तापमान मोजणारा त्याचा संवेदक त्याच्याच पोटात होता, आणि कंट्रोलर मी बुखारीच्या (खोली गरम ठेवणाऱ्या शेगडीच्या) उबेत, बंकरमध्ये लावला होता. त्याच्या मते सगळीकडे वीस अंश होते. मी वायरने जोडायचा वेगळा संवेदक मागवून बॅटरीच्या बाजूला चिकटवला, बॅटऱ्या थर्माकोल लावलेल्या लाकडी पेटीत ठेवल्या आणि कंट्रोलर त्या पेटीशेजारी आणला. तारांची जोडणी हातमोजे काढूनच करावी लागे. दोन स्क्रू आवळले की बोटे बधिर होत आणि पुन्हा बुखारीपाशी जावे लागे. दोन स्क्रू, मग बुखारी, असे करत अर्धा दिवस गेला.

त्यानंतर सलग अकरा दिवस रेडिओसाठी इंजिन लागले नाही. बाराव्या दिवशी हिमवर्षाव सुरू झाला, दोन दिवस ऊन दिसले नाही आणि इंजिन चालू करावेच लागले. तेवढ्यासाठी आणखी पॅनेल मागावीत असे मला वाटले नाही. वर्षाव थांबल्यावर एका जवानाने उत्साहाने पॅनेलवरचा बर्फ फावड्याने काढला आणि काचेवर वीतभर ओरखडा पाडला. सुट्टीवर निघण्याआधी मी पेटीच्या झाकणावर पांढऱ्या रंगाने हिंदीत लिहून ठेवले, की बर्फ फक्त झाडूने काढावा.