इंदूर–पुणे विमानाने: सव्वा तासाचा हिशेब

इंदूरच्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळापासून पुण्याच्या लोहगावपर्यंत सरळ अंतर साधारण ४९८ किलोमीटर, म्हणजे २७० नॉटिकल मैलांच्या आसपास. जेटचा वेग ताशी आठशेच्या वर. त्या हिशेबाने ३६ मिनिटांत पोचायला हवं, पण तिकिटावर सव्वा तास असतो.

नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढलीत तर ती महेश्वर, अमळनेर आणि शिर्डी या तिन्ही गावांजवळून जाते. विमान ठरलेल्या हवाई मार्गाने जातं, त्यामुळे रेघ थोडी सरकते, पण अंदाजाला पुरते. उड्डाणानंतर दहाएक मिनिटांत खाली नर्मदा येते. सकाळच्या विमानात मी उजवीकडची खिडकी घेतो. डावीकडे ऊन थेट डोळ्यांवर. अमळनेर येईपर्यंत विमान चढतच असतं आणि शिर्डीच्या अलीकडेच उतरायला लागतं, कारण २८,००० फुटांवरून खाली यायला दीडशेएक किलोमीटर लागतात. पूर्ण वेगाला उरतात जेमतेम दहा मिनिटं. तेवढ्यात चहा मागवून संपवायचा म्हणजे कसरतच!

उरलेला वेळ जमिनीवर जातो, कधी हवेत थांबण्यात. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची. लढाऊ विमानांचा सराव चालू असला की प्रवासी विमानाला वर घिरट्या घालाव्या लागतात. तिथे फोटो काढायलाही मनाई आहे.

घरापासून घरापर्यंत पाच तास धरा. इंदुरातल्या रामबागेतून विमानतळ लांब नाही, तरी संध्याकाळी पाऊण तास हाताशी ठेवा. काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो. लग्नाला निघालेल्यांसाठी खास सूचना: ओटीतल्या सुक्या खोबऱ्याच्या वाट्या हातातल्या पिशवीतही चालत नाहीत, चेक-इन बॅगेतही नाहीत. तेलामुळे खोबरं आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून ते धोकादायक मालात मोडतं. सुरक्षा तपासणीत सामान उपसत बसण्यापेक्षा खोबरं पुण्यातच घ्या. पॉवर बँकचं उलट. ती हातातल्या पिशवीतच हवी. शेव बिनधास्त न्या.

हिवाळ्यात इंदुरात लख्ख ऊन असूनही विमानाला उशीर होतो. तेच विमान आधी दिल्लीहून यायचं असतं आणि तिथे धुकं असतं. म्हणून घरून निघण्याआधी येणारं विमान कुठून येतंय ते बघा.

पुण्यात ॲपवरच्या टॅक्स्या दारात येत नाहीत, शेजारच्या एरोमॉलमधून घ्याव्या लागतात. तिथून कोथरूड गाठायला तासभर, संध्याकाळी त्याहून जास्त.

रस्त्याने सेंधवा–धुळे मार्गे सहाशेच्या आसपास किलोमीटर, बसने अख्खी रात्र. रेल्वे त्याहून लांबची: गाडी रतलाम, बडोदा, सुरत असा वळसा घालते. मनमाड–इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या मार्गाला केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली आहे. तो होईपर्यंत वळसा सुटत नाही.