काळा मसाला, कोलंबी आणि हक्का नूडल्स : माझा अनुभव

माझी पत्नी मालवणची आहे आणि मी नंदुरबारचा. लग्नानंतर तिला इथे सर्वांत जास्त जाणवली ती ताज्या मासळीची उणीव. आमच्याकडे सुरतेच्या बाजूने बर्फात घातलेली मासळी येते, पण ती ठरावीक दिवशी आणि तीही सकाळी लवकर गेले तरच चांगली मिळते. एका रविवारी थर्माकोलच्या पेटीत डोक्यासकट कोलंबी आणि त्याखाली दोन माकूल (म्हणजे स्क्विड) दिसले, तेव्हा मी ते घेतले आणि घरी येऊन जाहीर केले की आज नूडल्स मी करणार, आणि त्या आपल्या काळ्या मसाल्यातल्या करणार.

ही जोडी मला विचित्र वाटली नाही. हक्का नूडल्सचे नाव मुळात कोलकात्यात स्थायिक झालेल्या हक्का चिनी समाजावरून आले आहे, आणि तिथल्या टांगरा भागात भारतीय जिभेला रुचेल असे आले, लसूण आणि मिरची या पदार्थात भरपूर मिसळले गेले. जो पदार्थ असा मिसळतच आपल्यापर्यंत आला, त्यात खान्देशच्या मसाल्यालाही जागा असावी, असे मला मनापासून वाटत होते. तरीही ही जागा नेमकी कुठे आहे हे शोधायला मला तीन रविवार लागले.

पहिल्या रविवारी मी आपल्या नेहमीच्या रश्शासारखाच विचार केला. विस्तवावर काळे होईपर्यंत भाजलेले सुके खोबरे आणि सालासकट भाजलेला कांदा यांचे वाटण करून ते कढईत परतले आणि त्यावर नूडल्स घातल्या. चव वाईट नव्हती, परंतु वाटणातल्या खोबऱ्याने आणि कांद्याच्या ओलाव्याने नूडल्स एकमेकींना चिकटल्या आणि कढईत शेवटी एक गोळा तयार झाला. कोलंबीही त्याच वाटणात शिजत राहिल्याने आक्रसून घट्ट झाली होती. पत्नीने एकच गोष्ट दाखवली : इंग्रजी सी या अक्षरासारखी वळलेली कोलंबी नीट शिजलेली असते, आणि शेपूट डोक्याच्या बाजूला जाऊन टेकली म्हणजे ती जास्त शिजली. आमच्या ताटातली प्रत्येक कोलंबी पूर्ण गोल झाली होती.

दुसऱ्या रविवारी वाटण टाळले आणि आईने कुटून ठेवलेला कोरडा काळा मसाला घेतला. धने, खोबरे, दगडफूल, लवंग, मिरी, दालचिनी, आणि पथारीवर वाळलेली आमची नंदुरबारची मिरची, असा तो मसाला आहे. आई माळकरी असल्यामुळे मासळीचा स्वयंपाक मी मागच्या पडवीत वेगळ्या शेगडीवर, वेगळ्या लोखंडी कढईत करतो. नूडल्सला मोठी आच लागते हे ऐकून होतो, म्हणून तेल धुरावेपर्यंत तापवले आणि त्यात दीड चमचा मसाला टाकला. पुढच्या क्षणी पुढच्या ओसरीतून आईचा आवाज आला, “मसाला जयी गया रे!” म्हणजे जळाला. तिला तो वासावरूनच कळला होता. मसाला आधीच भाजून, दळून झालेला असतो. त्यात खोबऱ्याचा बारीक कूट असतो, आणि तो धुरावलेल्या तेलात काही सेकंदांतच करपून कडू होतो. तो सगळा टाकून द्यावा लागला.

त्या रात्री माझ्या लक्षात आले की इथे तीन गोष्टींची तीन वेगळी मागणी आहे. नूडल्सना मोठी आच हवी, मसाल्याला मंद आच हवी आणि कोलंबीला आच मोठी असली तरी वेळ अगदी थोडा हवा. या तिन्ही गोष्टी मी एकाच वेळी एकाच कढईत घालत होतो. म्हणजे साहित्य बदलायचे नव्हते, क्रम बदलायचा होता.

तिसऱ्या रविवारी अर्धा किलो कोलंबी पत्नीने मला शेजारी बसवून साफ करायला शिकवली. डोके हलकेच पिळून वेगळे करायचे, कवच पोटाकडून सोलायचे, शेपटीचे टोक तसेच ठेवायचे आणि पाठीवर सुरीने उथळ चीर देऊन आतला काळा दोरा ओढून काढायचा. माकुलाच्या आतून जे पारदर्शक, पिसासारखे पाते निघते ते मी त्या दिवशी पहिल्यांदा हातात धरून पाहिले. प्लॅस्टिकच्या पट्टीसारखे ते लवचिक असते. सोलल्यावर कोलंबी निम्म्याच्या आसपास उरली, पण डोकी आणि कवचे तिने टाकू दिली नाहीत. ती थोड्या तेलात लाल होईपर्यंत परतून, दोन वाट्या पाणी घालून वीस मिनिटे उकळली आणि गाळून अर्धी वाटी दाट पाणी मिळवले. या पाण्यानेच माझा प्रश्न सुटला.

दीड चमचा काळा मसाला त्या पाण्यात कालवून ठेवला. कढईत शेंगदाण्याचे तेल मंद आचेवर घेऊन ठेचलेला लसूण परतला आणि मग हा कालवलेला मसाला घातला. पाणी आटेपर्यंत मसाल्याचे तापमान शंभर अंशांच्या फारसे वर जात नाही, त्यामुळे तो करपत नाही. कडेने तेल सुटायला लागताच तो वाटीत काढून घेतला.

दोनशे ग्रॅम नूडल्स पाकिटावरच्या वेळेपेक्षा एक मिनिट कमी उकळल्या होत्या, गार पाण्याने धुऊन, चमचाभर तेल लावून परातीत अर्धा तास पसरून ठेवल्या होत्या. हे वाळवणे मी पूर्वी अनावश्यक समजत असे. आता ते कधीही टाळणार नाही. कोलंबी आणि माकुलाच्या चकत्या कापडाने अगदी कोरड्या टिपल्या. नंतर कढई पूर्ण तापवून कोलंबी एकेक करून पसरली, पाऊण-पाऊण मिनिट दोन्ही बाजूंनी परतून बाहेर काढली, आणि माकूल त्याच कढईत एक मिनिटभर ठेवले. माकूल झटपट तरी शिजवावे किंवा अर्ध्या तासाहून जास्त तरी. मधल्या वेळेत ते रबरासारखे होते, हेही पत्नीनेच सांगितले होते.

घरच्या शेगडीची आच गाडीवरच्या चुलीएवढी नसते, म्हणून मी सगळे दोन वेळा थोडे थोडे केले. कोबी, ढोबळी मिरची आणि पातीचा कांदा अर्धवट कच्चा राहील असा परतला, नूडल्स घातल्या, कडेने मसाला सोडला आणि चमचाभर सोया सॉस टाकला. व्हिनेगरऐवजी पत्नीने चमचाभर कोकमाचे आगळ घालायला सांगितले. आगळात आणि सॉसमध्ये मीठ असल्यामुळे वरून मीठ घातले नाही. शेवटी कोलंबी आणि माकूल परत कढईत घालून फक्त हलवले आणि गॅस बंद केला.

नूडल्स सुट्या राहिल्या होत्या. आधी लसूण आणि आगळाचा आंबटपणा जाणवत होता, आणि घास गिळताना मागून दगडफूल आणि मिरचीची ऊब यायची. वरून घातलेला भाजलेल्या शेंगदाण्यांचा कूट पत्नीला सुरुवातीला पटला नव्हता. तिने तो दुसऱ्यांदा मागून घेतला. तिच्या ताटाच्या कडेला कोलंबीच्या शेपट्या ओळीने मांडलेल्या होत्या, आणि त्यांतली एकही कोलंबी पूर्ण गोल वळलेली नव्हती.

आता दर वेळी मी पडवीत जाण्याआधी आईच्या कढईत, घरातल्या शेगडीवर, तिच्यापुरत्या नूडल्स करतो : साध्या पाण्यात कालवलेला तोच मसाला, कोबी आणि शेंगदाण्याचा कूट. मसाला तेलात पडला की ती दारात येऊन उभी राहते आणि वास घेऊन मान हलवते. मग मी पुढचे करतो.