साठीनंतरची कात्राबाई

रतनगड ते हरिश्चंद्रगड ही कात्राबाईच्या खिंडीतून जाणारी डोंगरवाट आम्ही कॉलेजात असताना धावतपळत केली होती. त्या वेळचं जंगल मला फारसं आठवत नाही, आठवतात त्या पुढे चालणाऱ्याच्या टाचा. या हिवाळ्यात आम्ही चौघं पुन्हा तिथे गेलो. सगळे साठी ओलांडलेले, एकाची बायपास झालेली, एकीचे गुडघे कुरकुरणारे.

तयारी पावसाळ्यापासूनच सुरू होती. पहाटे पाण्याच्या बाटल्या भरलेली सॅक पाठीवर घेऊन पर्वती, रविवारी सिंहगड. बायपासवाल्याने ट्रेडमिल टेस्ट करून डॉक्टरांची रीतसर परवानगी आणली. आणि एक नियम ठरला: सगळ्यात हळू चालणारा सगळ्यात पुढे. मुक्काम वाटेवरच्या गावांमध्येच करायचे.

रतनवाडीत अमृतेश्वराचं दर्शन घेऊन निघालो. प्रवरा इथे अगदी लहान, रतनगडावरून नुकतीच उतरलेली. वाट तिला ओलांडत गर्द झाडीत शिरते. पुढे फाटा लागतो. एक वाट शिड्यांच्या दिशेने रतनगडावर जाते, दुसरी कात्राबाईच्या खिंडीकडे. गावातला एक तरुण वाटाड्या म्हणून सोबत होता. फाट्यानंतर ढोरवाटा इतक्या फुटतात, की वाटाड्या हवाच. तो मध्येच हात वर करून म्हणाला, "काका, थांबा." वर फांद्यांत शेकरू होतं. लांबलचक झुपकेदार शेपटी, तांबूस पाठ. ते या झाडावरून त्या झाडावर निघून जाईपर्यंत आम्ही मान वर करून उभे होतो. कोणालाही घाई नव्हती, आणि हे मला फार मोलाचं वाटतं.

खिंडीपर्यंतचा चढ अंगावर येतो. वर पोचल्यावर मात्र आम्ही सॅका टाकून निवांत बसलो. मागे रतनगड आणि त्याचा खुटा नावाचा सुळका, पुढे आजोबाचा डोंगर, दूरवर हरिश्चंद्रगड. खिंडीच्या अलीकडचं पाणी प्रवरेला जातं, पलीकडचं मुळेला. या दोघी नद्या पुढे अहिल्यानगर जिल्ह्यातच एकमेकींना भेटतात.

कुमशेत गावाकडचा उतार तीव्र, त्यात घसारा, म्हणजे पायाखालून निसटणारी सुटी माती-खडी. या वयात कस लागतो तो उतारावर. मैत्रीण दोन्ही काठ्या रोवत, आडवी पावलं टाकत उतरत होती. एका टप्प्यावर तिचा गुडघा वळेना. आम्ही तिची सॅक मागितली तर ती देईना.

"अगं, लाजतेस काय? दे इकडे."

पाणी एकाकडे, स्लीपिंग बॅग दुसऱ्याकडे, शिधा वाटाड्याकडे गेला. मोकळ्या पाठीने ती उतरली, आणि खाली पोचल्यावर आधी तिने बजावलं, "उद्याही मीच पुढे." चाळीस वर्षांपूर्वी आम्ही एकमेकांचं ओझं असं उचललं असतं का, माहीत नाही. तेव्हा कोणी मागे पडला की त्याची चेष्टा व्हायची.

कुमशेतला नागलीची भाकरी, ठेचा आणि चुलीपाशी ऊब मिळाली. ज्यांच्या घरी उतरलो त्या मावशी आमच्याच वयाच्या. आम्ही खिंडीतून आलो हे ऐकून त्यांना काही विशेष वाटलं नाही. "आमचे सोयरे रतनवाडीला. लग्नकार्याला आम्ही तिकडूनच जातो," म्हणाल्या. आमचा ट्रेक म्हणजे त्यांची माहेर-सासरची वाट.

पुढची चाल सोपी होती. मुळेचं पात्र, पेठेची वाडी, मग पाचनईचा मुक्काम. पाचनईहून गडावर जाणारी वाट मला सगळ्यात आवडते. डोक्यावर पुढे आलेल्या कातळाची छपरी, एका बाजूला दरी, आणि चढ झेपेल असा. दुपारपर्यंत हरिश्चंद्रेश्वराच्या देवळाशी होतो. केदारेश्वराच्या लेण्यातल्या बर्फगार पाण्यात बायपासवाल्याला मैत्रिणीने उतरू दिलं नाही. ती स्वतः डॉक्टर आहे, त्यामुळे वाद झाला नाही.

वाद झाला तो संध्याकाळी, कोकणकड्यावर पालथं पडून खाली बेलपाड्याकडे पाहताना. परत पाचनईला उतरायचं की टोलारखिंडीने खिरेश्वरला? टोलारखिंडीच्या वाटेवर कातळटप्पा आहे, पण रेलिंग लावलेलं आहे. शिवाय खिंडीखालचं जंगल दाट, आणि खिरेश्वरच्या नागेश्वर मंदिराच्या छतावर कोरलेला शेषशायी विष्णू आमच्यापैकी दोघांनी पाहिलेला नव्हता. गुडघेवालीने निकाल दिला: खिरेश्वर. पुढे तीच चालणार होती.