पाच नंबरची जर्सी आणि आमची कणसं

दरवर्षी सप्टेंबर संपत आला की आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला मेसेज नागपूरकराचा पडतो, "कणसं कोण आणून राहिलं बे?" आणि मग समजायचं की होमकमिंगची तारीख लागली. मॅच कोणाशी आहे, टीमचं यंदा काय चाललंय, हे प्रश्न नंतर. आधी कणसं, मग लिंबं, मग कोळसा, मग पार्किंगचं रडगाणं.

होमकमिंग म्हणजे आपल्याकडचा माजी विद्यार्थी मेळावाच, फक्त इथं सत्कार आणि दोन तासांची भाषणं नसतात, त्याऐवजी फुटबॉलची (अमेरिकन, म्हणजे बॉल हातात घेऊन पळायचा) मॅच असते आणि मॅचच्या आधी सकाळपासून सगळ्या कॅम्पसवर तंबू ठोकून खाणंपिणं, त्याला टेलगेट म्हणतात. आमची युनिव्हर्सिटी म्हणजे लॉस एंजेलिसची युएससी. मी २००४ च्या ऑगस्टमधे एमएस करायला आलो, एलेंडेल प्लेसवर एका टू-बेडरूममधे आम्ही पाच जण, त्यातला एक नागपूरकर, एक डोंबिवलीकर, आणि ह्या लेखात तेवढे दोघं पुरेत कारण बाकीच्यांना बोलायला मिळायचंच नाही.

पहिल्या वर्षी आम्ही डब्यात पोहे घेऊन गेलो होतो, हसू नका, कोणी सांगितलंच नव्हतं. शेजारच्या तंबूतले एक गोरे आजोबा, साठच्या दशकात तिथं शिकलेले, त्यांनी आमचे थंड पोहे बघून न विचारता स्वतःच्या ग्रिलचा अर्धा भाग आम्हाला दिला. नागपूरकर पळत जाऊन चार कणसं घेऊन आला, ती निखाऱ्यावर भाजली, वर लिंबू-मीठ-तिखट चोळलं, आणि आजोबांनी पहिला घास घेतल्यावर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, तिखटाचं. तेव्हापासून ते आमचे काका. दरवर्षी त्यांचा तंबू आणि आमचा तंबू शेजारीशेजारी.

आणि मग दुपारी सगळी गर्दी कॉलिझियमकडे, म्हणजे आमच्या स्टेडियमकडे, निघायची. कॅम्पसच्या कडेला एक्स्पोझिशन रस्त्यापाशी झेंड्याचा खांब आहे, त्याला जाता जाता लाथ मारायची, शकुन म्हणून. पहिल्यांदा मला फार अवघडल्यासारखं झालं, आपल्याकडं पाय लागला तर नमस्कार करतात आणि इथं मुद्दाम लाथ, पण चार वर्षांची पोरंही मारतात आणि ऐंशीच्या आज्याही, मग मीही मारली. पुढं बँड, चिलखत घातलेला त्यांचा म्होरक्या, टचडाऊन (म्हणजे बॉल पार समोरच्यांच्या टोकाला नेला, आपला गोलच समजा) झाला की मैदानात दौडणारा पांढरा घोडा ट्रॅव्हलर, आणि दोन बोटं वर करून तेव्हा नव्वद हजार लोकांचं 'फाइट ऑन'. आमच्या गावच्या जत्रेची सवय असलेल्या माणसाला हे सगळं अजिबात परकं वाटत नाही.

आता मुद्द्यावर येतो. आम्ही नशीबवान की आमची दोन वर्षं म्हणजे रेजी बुशची वर्षं. आमच्या टीमचा बॉल घेऊन पळणारा, पाच नंबर. आम्हाला चार डाऊन, दहा यार्ड ह्याच्या पलीकडे ओ की ठो कळत नव्हतं, पण रेजीला बघायला नियम कळावे लागत नव्हते. नोव्हेंबर २००५, फ्रेस्नो स्टेटविरुद्धची रात्र. तो बॉल घेऊन डावीकडं रेषेच्या कडेनं सुटला, समोरून माणूस आला, आणि हा पळता पळता चक्क थांबला. थांबला! बॉल पाठीमागून एका हातातून दुसऱ्या हातात घेतला आणि अख्खं मैदान आडवं कापत दुसऱ्या बाजूला टचडाऊन. खो-खोमधे शेवटच्या मिनिटाला एखादं पोरगं खांबाजवळ अशी हूल देतं की पाठलाग करणारा स्वतःच्याच पायात अडकून पडतो ना, तसं. डोंबिवलीकर शाळेत खो-खो खेळलेला, तो माझ्या शेजारी उभा राहून नुसता "आयला, आयला" करत होता. त्या एका मॅचमधे सगळं मिळून ५१३ यार्ड.

दुसऱ्या दिवशी नागपूरकरानं बुकस्टोअरमधून पाच नंबरची जर्सी आणली, गडद लाल, पिवळा-पांढरा आकडा. ग्रेडिंगच्या, म्हणजे पेपर तपासायच्या, पैशांतून, म्हणजे त्या महिन्यात तो आमच्या वाटणीचा डाळ-भात खाणार हे ठरलेलं. जर्सीवर नाव नाही, आमच्या टीमच्या जर्सीवर नाव नसतंच, पण पाच नंबर म्हणजे कोण हे तेव्हा लॉस एंजेलिसमधल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. त्या जर्सीचे पैसे दुकानाला, कंपनीला, युनिव्हर्सिटीला. पाच नंबरवाल्याला शून्य, कारण तो 'हौशी' खेळाडू. ही गोष्ट लक्षात ठेवा.

डिसेंबरमधे त्याला हाइझमन ट्रॉफी मिळाली, कॉलेज फुटबॉलमधला सगळ्यात मोठा मान. जानेवारीत रोझ बोलमधे, म्हणजे त्या वर्षीच्या फायनलमधे, टेक्सासनं ४१-३८ हरवलं आणि सलग ३४ मॅचची विजयी माळ तुटली, त्या रात्री आमच्या घरात कोणी जेवलं नाही. आणि एप्रिलमधे बातमी फुटली.

काय तर रेजीच्या आई-वडिलांना सॅन डिएगोजवळ एक घर राहायला मिळालं होतं, भाडं नाही, ते देणारी मंडळी त्याचे पुढचे एजंट व्हायला बसलेली. शिवाय रोख पैसे, प्रवास वगैरे. चौकशी चार वर्षं चालली, तोवर तो न्यू ऑर्लिन्सकडून सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलची फायनल, जिंकूनही बसला होता. जून २०१० ला एनसीएएचा, म्हणजे कॉलेजच्या खेळांवर देखरेख करणाऱ्या संस्थेचा, निकाल आला: टीमला दोन वर्षं बोल मॅच (सीझनच्या शेवटच्या मानाच्या मॅच) बंद, तीस स्कॉलरशिप कापल्या, १४ विजय खोडले, त्यात २००५ सालचे सगळे बाराच्या बारा. म्हणजे मी जी फ्रेस्नोची मॅच घसा बसेपर्यंत बघितली ती कागदावर आम्ही जिंकलेलीच नाही. आणि रेजीला युनिव्हर्सिटीनं कायमचं तोडायचं, आपल्या भाषेत वाळीत टाकायचं. त्यानं हाइझमन परत केली. विजेत्याच्या कॉलेजलाही एक प्रत मिळते, ती युनिव्हर्सिटीनं परत पाठवली. सात हाइझमनवाली आमची शाळा सहाची झाली.

त्या वर्षीचं होमकमिंग मला नीट आठवतं. नागपूरकर जर्सी घालून आला. डोंबिवलीकर म्हणाला, "काढ ती." हा म्हणाला नाही काढत. मग पेटलं. डोंबिवलीकराचं म्हणणं साधं होतं, आणि खरं सांगायचं तर मला आजही खोडता येत नाही: नियम ह्याला माहीत होता, मोडला, आणि शिक्षा कोणाला, तर आत्ता आलेल्या अठरा वर्षांच्या पोरांना, त्यांनी काय कोणाचं घोडं मारलं होतं? (पुढच्या वर्षी त्या पोरांनी दहा मॅच जिंकल्या आणि तरी घरी बसली.) नागपूरकराचं म्हणणं, आमच्याच शाळेच्या, खुनाचा खटला चाललेल्या ओ. जे. सिम्प्सनची हाइझमन कोणी परत मागितली का बे, आणि ह्या माणसाच्या जिवावर स्टेडियम भरवलं, टीव्हीचे पैसे घेतले, त्याच्या आईबापानं फुकट घरात राहिलं तर आभाळ कोसळलं? शेवटी वहिनी वैतागल्या तेव्हा त्यानं जर्सी उलटी करून घातली. आत-बाहेर. आकड्याची शिवण आतून दिसत होती, उलटा पाच, गणपतीतल्या लहान पोरानं पाटीवर काढल्यासारखा. काका ते बघून इतके हसले की त्यांची खुर्ची कलंडली. पण काकांनी स्वतः रेजीचं नाव काही घेतलं नाही, ते म्हणायचे 'तो मुलगा'.

ह्या भांडणाची पुढं सवयच झाली. कणसं निखाऱ्यावर टाकली की विषय निघणार, कोणीतरी फ्रेस्नोची ती हूल हातवारे करून दाखवणार, तंबूंच्या मधल्या जागेत, हातात बॉलच्या जागी कणीस. शेजारपाजारचे अनोळखी लोक येऊन त्यात भर घालायचे, आणि आजूबाजूला बघितलं तर पाच नंबरच्या जर्सी काही कमी झालेल्या नव्हत्या, विटलेल्या, धुऊन धुऊन गुलाबी झालेल्या, पण होत्या. युनिव्हर्सिटीनं त्याला वाळीत टाकलं होतं, टेलगेटनं कधीच टाकलं नाही. २०१९ ला तो फॉक्सच्या टीव्ही शोसाठी कॉलिझियममधे आला तेव्हा लोकांनी त्याच्या नावाचा असा पुकारा केला की पुसून टाकलेल्या माणसाचा असा होत नाही.

मग जून २०२० ला, बरोबर दहा वर्षांनी, बंदी संपली, एनसीएएनं मधे नियम बदलून अशा बंदीला दहा वर्षांची मर्यादा घातली होती. अध्यक्ष कॅरल फोल्ट ह्यांनी त्याला पत्र लिहिलं. पण तो कोविडचा काळ, ना मेळावा ना मॅचला जायची सोय, आम्ही झूमवर भांडलो, मजा नाही आली. पुढच्याच वर्षी, जुलै २०२१ पासून, कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमवायला परवानगी मिळाली. ह्या माणसाचं हे जुनंच. नोट्र डेम कॉलेजविरुद्धच्या मॅचमधे २००५ ला शेवटच्या सेकंदांना त्यानं आमच्या क्वार्टरबॅकला, लाइनर्टला, मागून ढकलून टचडाऊन करवला, तेव्हा ते नियमात बसत नव्हतं, रेफरीनं सोडून दिलं, आणि पुढं तो नियमच काढून टाकला. जे करायचं ते नियम बदलायच्या आधी करायचं, अशी काहीतरी खोडच असावी.

एप्रिल २०२४ ला हाइझमन परत मिळाली. त्याला, आणि युनिव्हर्सिटीला तिची प्रतही. कॉलिझियमच्या कमानींकडं पाच नंबर परत लागला. नागपूरकरानं सकाळी साडेसहाला फोन केला, काही बोलला नाही, नुसती 'फाइट ऑन'ची ट्यून तोंडानं वाजवली आणि ठेवला.

त्या वर्षीच्या होमकमिंगला मला वाटलं आता सगळं गोडगोड होणार. पण सप्टेंबरमधे रेजीनं कोर्टात केस टाकली होती, त्याच्या नावावर तेव्हा कमावलेले पैसे मागायला: एनसीएएवर, पॅक-ट्वेल्व्हवर (आमची तेव्हाची लीग, जिच्यात तोवर दोनच टीम उरल्या होत्या), आणि आमच्या युनिव्हर्सिटीवरसुद्धा. चौदा वर्षांनी ट्रॉफी घरी आली आणि पाच महिन्यांत वाटणीचा दावा! नागपूरकर जर्सी घालून आला होता, पोटावर ताणलेली, पाचाचं पोट आणि ह्याचं पोट एक झालेलं, खांद्यापाशी आकडा सोलवटलेला, आणि तो भयंकर दुखावलेला होता. "आपल्याच घरच्यांवर केस टाकते का बे कोणी?" आणि डोंबिवलीकर, ज्यानं चौदा वर्षं त्याला शिव्या घातल्या, तो शांतपणे कणीस फिरवत म्हणाला, "का नको? तुझ्या अंगावरच्या जर्सीचे पैसे त्याला मिळाले का? मग?"

बाजूच बदलल्या दोघांनी. मी काकांकडं बघितलं, आता ऐंशीच्या पुढचे, मांडीवर ब्लँकेट. ते म्हणाले, "रेजीनं केस जिंकावी, आणि चेक घ्यायला होमकमिंगलाच यावं." नाव घेतलं त्यांनी, पण ते दोघं इतक्या जोरात भांडत होते की त्यांच्या लक्षातच आलं नाही.

चार कणसं जळाली. बाकीच्यांना चोळायला लिंबं शोधली तर नव्हती, यंदा लिंबांची पाळी माझी होती. ह्या एका गोष्टीवर मात्र दोघांचं लगेच एकमत झालं.