नऊ ओळी कमी

रविवार, रात्री साडेअकरा

आज मोजलं. बाबांच्या गाण्यांच्या कॅसेट ६४, म्हणजे बाजू १२८. मी डेटाबेसमध्ये केलेल्या टेबलात, एका बाजूला एक ओळ धरून, ओळी ११९.

नऊ हरवल्या नाहीत, मीच आत घेतल्या नाहीत. गायक आणि त्या बाजूवरचा मुख्य राग, दोन्ही मिळून प्रायमरी की केली होती, म्हणजे ओळीची ओळख; तीच ओळख दुसऱ्या ओळीला चालत नाही. तेव्हा फार हुशारीची वाटली. वर, भरताना सारखा एरर नको म्हणून 'इन्सर्ट ऑर इग्नोर': ओळ घाल, की जुळली तर सोडून दे. एसक्यूलाइट, म्हणजे माझा डेटाबेस, आज्ञाधारक. तेच बुवा, तोच यमन पुन्हा आला की गुपचूप बाहेर. ना एरर, ना कुरकुर.

एक बाजू कॉम्प्युटरवर उतरवायला पंचेचाळीस मिनिटं. अख्ख्या पावसाळ्याचे रविवार गेले. दादा म्हणतो, सगळं ऑनलाइन मिळतं. घरात कुणी विचारतही नाही, काय करतेस म्हणून. असो.

नऊतली एक आत्ता लावली. कव्हरवर बाबांचं अक्षर: 'यमन, गडकरी'. साल नाही. ठाण्याचं गडकरी रंगायतन १९७८ मध्ये सुरू झालं, म्हणजे त्यानंतरची, एवढंच. आधी खुर्ची करकरते. मग माइकला चिकटून बाबांचं हळूच 'आहा'.

आणि हे डुप्लिकेट. डेटाबेसने नाही ठरवलं, मी ठरवलं.

मग बाबांची वही काढली. प्रत्येक कॅसेटच्या पाठीवर स्केचपेनने नंबर आहे, तोच वहीत. मला तो कचरा वाटला होता, कारण त्या नंबराला काही अर्थच नाही. अर्थ नाही म्हणूनच तो कधी बदलावा लागत नाही, हे नोकरीत दहा जणांना मी शिकवलंय. घरी विसरले.

वहीच्या मागच्या पानांवर रागवार यादी. 'यमन – ४, १७, ५२'. 'भूपाली' समोर फक्त 'भूप पाहा'. इंडेक्सच की हा, डेटाबेसात शोध लवकर लागावा म्हणून लावतात तसा! माझ्या टेबलात भूप आणि भूपाली दोन वेगळे राग म्हणून सुखाने नांदतायत. खरं तर सव्वाशे ओळींना इंडेक्स म्हणजे बैठ्या चाळीला लिफ्ट, अख्खं टेबल चाळलं तरी पापणी लवायच्या आत होतं. मीही रागावर एक लावलाच होता. मिरवायला.

रात्रीच की बदलली. नंबर आणि बाजू: १७-अ, १७-ब. आता यमन कितीही वेळा येऊ दे.

एक नंबर वहीत आहे, कपाटात नाही. ३१ वर आडवी रेघ, पुढे 'नंदूला दिली'. तो नंबर बाबांनी पुन्हा कुणाला दिला नाही. मीही ३१ च्या दोन ओळी केल्या, रागाचा रकाना रिकामा. जुन्या कीमध्ये राग हाच अर्धी ओळख होता, तो रिकामा ठेवून ओळ ओळखणार कशी?

आईला विचारलं, ३१ मध्ये काय होतं गं? झोपेतच म्हणाली, "मामाला विचार. आणि फोन करतेच आहेस तर माझा स्टीलचा डबाही माग."