आमची वाटचाल: टपावरचे दिवे, खालची वायर

आमच्याकडे येणारं गिऱ्हाईक दिवे हातात घेऊनच येतं आणि दिव्यांबद्दलच बोलतं. किती वॉटचे, उजेड किती लांब जातो, गोल बरे की पट्टीचे. वायर कुठली घालणार असं विचारणारी माणसं इतक्या वर्षांत एका हाताच्या बोटांवर मोजावीत. आणि गंमत अशी की आमचं दुकान चाललंय ते वायरीवर.

मी मुळात ऑटो इलेक्ट्रिशियन. दुसऱ्याच्या गॅरेजात सेल्फ आणि डायनॅमो खोलून बसायचो. दाजी वेल्डिंग करायचे, जीपगाड्यांच्या टपावर बसणारी कॅरियर बनवण्यात त्यांचा हात चांगला होता. त्यांच्या कॅरियरवर लोक मागाहून दिवे लावून घ्यायचे आणि ते काम भलतीकडेच जायचं. तेव्हा दाजीच म्हणाले, "लोखंड माझं, वायर तुझी. बाहेर कशाला पाठवायचं?" एवढ्या बोलण्यावर फर्म सुरू झाली. एक शेड, एक वेल्डिंग मशीन, एक टेस्ट लॅम्प. मल्टिमीटरसुद्धा उसना आणलेला.

पहिली काही कामं आम्ही केली ती सगळे करतात तशीच. 55 वॉटचे चार हॅलोजन, डॅशबोर्डवर एक स्विच, बॅटरीवरून स्विचला आणि स्विचवरून थेट टपावर एकच वायर. परतीची वायर नाहीच. एका कामाच्या वेळी मी विचारलं होतं, "दाजी, अर्थिंग कॅरियरच्या बोल्टलाच देऊ का?" ते म्हणाले, "दे की, लोखंडच आहे सगळं." दिवे झगझगीत लागले, गिऱ्हाईक खूश, आम्ही त्याहून खूश.

पावसाळा संपला आणि त्यातली एक गाडी परत आली. तक्रार दिव्यांची नव्हतीच. गाडीत वायरलेस सेट होता, त्याचा अँटेना आमच्याच कॅरियरवर बसवलेला. सेटवर आवाज येईना, आणि रात्री दिवे लावले की टपाच्या आतल्या अस्तरातून जळका वास यायचा. अस्तर उतरवलं. अँटेनाची केबल हातभर लांबीत काळी पडली होती, वरचं प्लास्टिक वितळून अस्तराच्या कापडाला चिकटलं होतं. मी ती बोटाने सोलायला गेलो तर आतली तांब्याची जाळी भुग्यासारखी हातात आली.

झालं होतं असं. कॅरियरला पावडर कोटिंग होतं, म्हणजे करंट अडवणारा रंगाचा थर, आणि त्याचे पाय रबराच्या पॅडवर टेकलेले. म्हणजे कॅरियर गाडीच्या बॉडीला लागलेलं होतं ते फक्त बोल्टच्या आट्यांनी. पावसात आटे गंजले आणि ती वाट बंद झाली. पण करंटला बॅटरीकडे परत तर जायचंच असतं. चार दिव्यांचे 220 वॉट, म्हणजे 12 व्होल्टला 18 अँपिअरच्या आसपास. त्याला दुसरी वाट सापडली ती अँटेनाच्या केबलची जाळी. सुतळीएवढ्या केबलमधून चार दिव्यांचा करंट वाहत होता.

"फ्यूज कसा नाही उडाला?" दाजींचा पहिला प्रश्न. उडणार कसा? फ्यूज 30 अँपिअरचा, करंट 18. फ्यूजच्या दृष्टीने सगळं आलबेल होतं. फ्यूज राखण करतो ती ज्या वायरीच्या हिशेबाने तो घातलाय तिची, दिव्याची नाही, आणि परतीच्या वाटेवर कुठली बारीक तार मध्ये आली तर तिची तर नाहीच नाही. हे मला माहीत असायला हवं होतं. गॅरेजातल्या इतक्या वर्षांत मी फ्यूज शेकड्याने बदलले होते, पण तो नक्की कशासाठी आहे याचा विचार केला नव्हता.

मालक भला माणूस. म्हणाला, "पण दिवे तर शेवटपर्यंत लागत होते." तेच तर वाईट होतं. आम्ही त्याला केबल आणि अस्तर बदलून दिलं, आणि तोवर केलेल्या सगळ्या गाड्या एकेक करून परत बोलावल्या. काहींनी हसण्यावारी नेलं. बहुतेक आल्या. तो महिना फुकटात गेला. तो करपलेला तुकडा मी फेकला नाही, कामाच्या टेबलाच्या वर खिळ्याला अडकवून ठेवला.

त्यानंतर भिंतीवर रंगाने लिहिलं: जाडीने सारख्या दोन वायरी, दोन्ही बॅटरीपर्यंत. प्लसची जेवढी जाड तेवढीच अर्थची. कॅरियर हे दिवे धरायला आहे, करंट न्यायला नाही.

आणि उसना मल्टिमीटर परत करून स्वतःचा घेतला. त्या मीटरने आणखी एक गोष्ट उघडी पाडली. एक हॅलोजनची गाडी आली, दिवे मंद म्हणून. दुसऱ्या कुणी केलेलं काम, रिले (बारीक करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) नाही, सगळा करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मोजलं तर 13.8 व्होल्ट, दिव्याला वायर जोडते त्या थिंबलवर 11.7. दोन व्होल्ट वाटेतच खर्ची. दोन व्होल्ट ऐकायला किरकोळ वाटतात, पण हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात कमी होत नाही, त्याहून कितीतरी वेगाने पडतो. या हिशेबात जवळजवळ 40 टक्के उजेड गेला होता. तो मालक आणखी मोठे बल्ब घालायला निघाला होता. मोठे बल्ब म्हणजे करंट जास्त, म्हणजे वाटेत आणखी व्होल्ट गळणार, आणि स्विच तापून वितळणार तो वेगळाच. आम्ही बल्बला हात लावला नाही. 6 चौरस मिलिमीटरची वायर जाताना आणि येताना, मध्ये रिले, बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज. तेच दिवे, दुसऱ्या दिवशी तोच माणूस विचारतो, "बल्ब बदलले का?"

रिलेच्या पायांवरचे आकडे, 30, 85, 86, 87, हे जर्मनीच्या डीआयएन 72552 या मानकातले. 30 ला बॅटरीचा प्लस, 87 वरून दिवे, 85 आणि 86 मध्ये कॉइल. कॉइलला पाव अँपिअरही लागत नाही, म्हणून स्विचपर्यंत बारीक वायर पुरते आणि जाड वायर गाडीच्या आत आणावीच लागत नाही. पाच पायांचा रिले आला तर मधला पाय असतो 87ए, त्याचं वागणं उलटं: स्विच बंद असताना तो चालू. शिकाऊ पोरं तिथे एकदा तरी चुकतात. आम्ही चुकू देतो, टेबलावर. गाडीवर नाही.

पुढे काम वाढलं तसं गाडीत बसून वायरी ओढणं परवडेना. दाजींनी एका फळीवर खिळे ठोकून आमचा पहिला हार्नेस बोर्ड, म्हणजे वायरींचा अख्खा जुडगा गाडीबाहेरच बांधायची फळी, बनवला. खिळ्यांमधून वायर फिरवायची, फाटे काढायचे, क्रिंप करायचं म्हणजे जोड दाबून बसवायचा, तापवली की आवळणारी गोंदवाली हीटश्रिंक स्लीव्ह चढवायची, वरून खाचवाला पाईप. जोडाला डाख देणं आम्ही पुढे बंदच केलं. डाख तारांच्या आत झिरपतो, तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो आणि धक्क्यांनी वायर नेमकी त्याच्या कडेला तुटते. टपावर धक्के कमी नसतात.

टपाला भोक न पाडणं हाही आमचा हट्ट. वायर बॉनेटच्या बिजागरीजवळून वर काढायची, काचेच्या कडेने न्यायची आणि दिव्यापाशी शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्यायचा, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी टपकतं, दिव्यात शिरत नाही. एवढ्याशा झोळाने जे काम होतं ते अर्धी नळी सिलिकॉन चोपडून होत नाही.

दिवे बसवण्याबद्दल गिऱ्हाइकाशी आमचा नेहमीचा वाद म्हणजे कॅरियरच्या अगदी पुढच्या काठावर बसवा. दिसायला रुबाबदार दिसतं, कबूल. पण तिथून उजेड थेट बॉनेटवर पडतो, बॉनेट चकाकतं, डोळ्याची बाहुली आक्रसते आणि लांबचं दिसायचं तेच दिसत नाही. दिवे वीतभर मागे सरकवले, किंवा खाली काळी पट्टी लावली, की बॉनेट सावलीत जातं. धुकं, धूळ किंवा जोराचा पाऊस असेल तर मात्र टपावरचे दिवे बंदच बरे. उजेड डोळ्यांच्या वरून निघतो आणि समोरच्या थेंबांवरून सरळ डोळ्यांत परततो. तिथे बंपरखालचे फॉग दिवेच कामाचे. हे आम्ही काम घेण्याआधी सांगतो, मागून शिव्या खाण्यापेक्षा. शिवाय कितीतरी ठिकाणी रस्त्यावर हे दिवे लावायला परवानगी नसते, म्हणून स्विच वेगळा ठेवतोच, पण रिलेची चावी, म्हणजे त्याला चालू करणारा करंट, अप्परच्या (हेडलाइटच्या लांब उजेडाच्या) वायरीवरून घेतो. डिपर दिला की टपावरचेही विझतात.

एलईडी आले तेव्हा वाटलं होतं आता आमचं दुकान बंद. करंट कमी, डब्यातच तयार वायर, रिले, स्विच, सगळं. कुणीही घरी बसवेल. काही महिने खरंच हात रिकामे होते. मग हळूहळू गाड्या यायला लागल्या. डब्यावर 180 वॉट छापलेलं, क्लॅम्प मीटरने मोजावं तर 5 अँपिअर, म्हणजे साठच्या घरात. वायर केसाएवढी. दिवा लावला की रेडिओत खरखर, कारण दिव्याच्या आतला ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला करंट पुरवणारं सर्किट, सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो आणि त्याचा गोंगाट वायरीतून बाहेर पडतो. आम्ही पुन्हा वायरीकडेच वळलो: प्लस आणि अर्थ एकमेकींना पीळ देऊन नेल्या, अँटेनाच्या केबलपासून लांब ठेवल्या, गोंगाट अडवणारा फेराइटचा मणी घातला. बऱ्याच गाड्यांची खरखर गेली, सगळ्यांची नाही.

शिट्टीचं दुखणं मात्र विजेचं नव्हतंच. लांब एलईडी पट्टीच्या मागे थंड ठेवण्यासाठी पातळ पाती असतात, वेग वाढला की वारा त्यांवरून शिट्टी घालतो. एका मालकाने घरी जाताना गाडी अर्ध्या वाटेतून वळवून आणली होती, डोकं उठलं म्हणून. दाजींनी पट्टीच्या नळीला नायलॉनची दोरी नागमोडी गुंडाळली आणि म्हणाले, "आता जा." आवाज गेला. उंच धुराड्यांवर जी वळणदार पट्टी असते ती याचसाठी, वाऱ्याचे भोवरे एका तालात सुटू नयेत म्हणून. दाजींना हे कुणी शिकवलं नव्हतं. धुराड्यावर वेल्डिंग करताना त्यांनी पट्टी पाहिली होती, एवढंच.

अलीकडे नव्या गाड्यांनी आम्हाला पुन्हा शाळेत बसवलंय. काही गाड्यांत अप्परच्या दिव्याला करंट सलग मिळत नाही, तुकड्या-तुकड्यांनी मिळतो. तिथून रिलेची चावी घेतली की रिले भुंग्यासारखा गुणगुणतो. आणि बॅटरीच्या मायनस टोकावर आता एक सेन्सर बसलेला असतो, बॅटरीत किती करंट आला आणि गेला ते मोजणारा. आमची अर्थची वायर थेट त्या टोकाला जोडली तर दिव्यांचा करंट सेन्सरला दिसतच नाही आणि गाडीचा बॅटरीचा हिशेब चुकतो. ती सेन्सरच्या पलीकडे, बॉडीच्या ठरलेल्या अर्थ बोल्टवर जोडावी लागते.

म्हणजे भिंतीवरचं वाक्य चुकलं. इतकी वर्षं पोरांकडून पाठ करून घेतलेलं. परवा दाजी शिडीवर चढले, "दोन्ही बॅटरीपर्यंत" यावर पांढरा रंग फिरवला आणि मला खालून विचारत बसले, आता नक्की काय लिहू ते एकदाचं सांग. मी अजून नेमका शब्द शोधतोय. जागा सध्या कोरी आहे.