शेंडेखुडीच्या मूळ संख्या : पाच अंकांत शिरलो

उजवीकडून एकेक अंक खुडत गेलं तरी उरलेली संख्या मूळच राहते, अशा संख्या मी वहीवर, हाताने शोधतोय. ७३९३, मग ७३९, ७३, ७. तुरीचे शेंडे खुडावे तसंच हे, म्हणून आमच्या घरी यांचं नाव शेंडेखुडीच्या संख्या. एकूण ८३ आहेत आणि सर्वांत मोठी ७३९३९१३३, एवढं ठाऊक आहे. पण प्रत्येकीपर्यंत मला स्वतः चालत जायचंय.

आधी दुरुस्ती. मागच्या नोंदीत चार अंकी १७ लिहिल्या होत्या, त्या १६ आहेत. ३१३९ ला मी ४१ पर्यंत भागून सोडलं होतं. तिचं वर्गमूळ ५६ च्या जरा पुढे, म्हणजे ५३ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहायलाच हवं होतं. ४३ × ७३ = ३१३९. ज्यांनी उतरवून घेतली असेल त्यांनी कृपया खोडावी.

आता २ ची फांदी, म्हणजे २ ने सुरू होणाऱ्या संख्या. तिला पुढे फक्त ३ किंवा ९ च जोडता येतो. सम अंक किंवा ५ शेवटी चालतच नाही. २ ला तीनने भागून बाकी २ उरते. १ किंवा ७ जोडला की अंकांची बेरीज तीनच्या पटीत जाते आणि खेळ संपतो. ५ च्या फांदीचंही तसंच. ७ च्या फांदीला १ किंवा ७ एकदाच परवडतो, ३ च्या फांदीला दोनदा. हे उमगलं तेव्हा अर्धी वही वाचली.

सध्या हरभऱ्यावर रानडुकरांची जागल आहे. रात्री मचाणावर बॅटरीच्या उजेडात, २ च्या फांदीतल्या चार अंकी संख्यांना ३ किंवा ९ जोडून झालेले दहा उमेदवार तपासले. २९३९३ तर ७ × १३ × १७ × १९ निघाली, काय सुंदर मोडली! २३३९३ ने मात्र जीव खाल्ला. १५१ पर्यंतच भागायचं होतं. १३९ झाला, बाकी उरली. आता ही मूळच, असं मनात पक्कं झालं होतं, आणि १४९ ने निःशेष भाग गेला. १४९ × १५७. वावरात एकटाच मोठ्याने ओरडलो.

टिकल्या त्या पाच : २३३३३, २३३३९, २३३९९, २३९९३, २९३९९.

पुढे ३ ची फांदी, तिथे १८ उमेदवार आहेत. ३११९३ घेतली आहे. १७३ पर्यंत जायचंय, ६१ झाला, अजून टिकून आहे.